गुन्हा, मन आणि मेंदू : विजय तेंडुलकरांच्या कलाकृतींतील हिंसेची चिकित्सा (ठाणे-कल्याण परिसराच्या संदर्भासह)

गोषवारा :
गुन्हेगारी वर्तनाचे मूळ मेंदूच्या जडणघडणीत शोधण्याची प्रवृत्ती अलीकडे वाढली आहे. 'मनोरुग्ण' आणि 'गुन्हेगार' या दोन शब्दांची सरमिसळ मात्र फार जुनी आहे. प्रस्तुत लेखात 'गिधाडे' व 'कन्यादान' ही विजय तेंडुलकरांची दोन नाटके आणि त्यांनी पटकथा लिहिलेला 'अर्धसत्य' हा चित्रपट यांची या प्रश्नाच्या अनुषंगाने चिकित्सा केली आहे. बालपणी अनुभवलेली हिंसा आणि प्रौढपणी केलेली हिंसा यांतील संबंध तेंडुलकर नेमकेपणाने टिपतात. मात्र हा संबंध एकाच कलाकृतीपुरता वाचला तर तो एखाद्या समाजगटाचा स्वभाव वाटू लागतो. म्हणून या कलाकृती एकत्र वाचल्या पाहिजेत, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : हिंसा, बालपण, मेंदूविकास, मनोविकार, गुन्हेगारी, तेंडुलकर, ठाणे.

१. प्रस्तावना

मराठी बोलीत काही गावांची नावे केवळ गावांची राहिलेली नाहीत. एखाद्याच्या वागण्याची थट्टा करताना 'याला ठाण्याला पाठवा' असे सहज म्हटले जाते आणि ऐकणाऱ्याला अर्थ विचारावा लागत नाही. नरोत्तमदास माधवदास यांच्या देणगीतून उभे राहिलेले आणि १९०१ पासून कार्यरत असलेले ठाण्याचे मनोरुग्णालय या वाक्प्रयोगामागे आहे. येरवड्याच्या नावात तर मनोरुग्णालय आणि कारागृह या दोन्ही अर्थांचा संकेत एकत्र आला आहे. ठाण्यातही या दोन्ही संस्था आहेत. जुन्या किल्ल्यातील मध्यवर्ती कारागृह आणि मनोरुग्णालय यांनी शहराच्या इतिहासाचा मोठा भाग व्यापला आहे. भिंतीआड ठेवण्याजोगी माणसे असा एकच वर्ग लोकमानसात तयार झाला. त्यात वेडा कोण आणि गुन्हेगार कोण याचा भेद पुसट झाला, हे या भाषिक व्यवहारावरून दिसून येते.

हा भेद पुसट होण्याचे परिणाम दोन्ही बाजूंनी होतात. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीकडे विनाकारण संशयाने पाहिले जाते आणि हिंसा करणाऱ्या 'शहाण्या' माणसाकडे पाहायचे राहून जाते. आधुनिक मराठी नाटकात या दुसऱ्या बाजूकडे सर्वांत निर्भयपणे पाहणारे लेखक म्हणून तेंडुलकरांचे नाव घ्यावे लागते. १९७३ ते १९७५ या काळात नेहरू अभ्यासवृत्तीअंतर्गत त्यांनी हिंसेच्या उदयमान रूपांचा अभ्यास केला होता. त्यांच्या हिंसाचित्रणावर मराठीत विपुल लेखन झाले आहे. तथापि ते बहुतांशी श्लील-अश्लीलतेच्या, स्त्री-पुरुष संबंधांच्या किंवा सत्तासंबंधांच्या अंगाने झाले. त्यांची पात्रे हिंसक कशी *घडली* या प्रश्नाचा मागोवा येथे घेतला आहे.

२. जन्मजात गुन्हेगार : एका कल्पनेचा वारसा

गुन्हेगार जन्मतःच तसा असतो आणि त्याच्या कवटीवरून व चेहऱ्यावरून तो ओळखता येतो, असा सिद्धांत इटालियन वैद्यक चेझारे लोम्ब्रोसो यांनी १८७६ मध्ये मांडला. भारतात त्याआधीच, १८७१ मध्ये, ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला होता. लोम्ब्रोसोंनी एका माणसाच्या शरीरात जे शोधले, ते या कायद्याने संपूर्ण जमातीच्या जन्मात आहे असे गृहीत धरले. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये या जमाती कायद्याने 'विमुक्त' झाल्या. पोलिसांच्या आणि गावाच्या नजरेतून त्या मुक्त झाल्या असे मात्र म्हणता येत नाही.

लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) हे आत्मकथन या सिद्धांताला मराठी साहित्याने दिलेले उत्तर आहे. १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेल्या या पुस्तकात चोरी रक्तातून येत नाही. ती शिकवली जाते, मारून शिकवली जाते आणि भूक ती शिकण्यास भाग पाडते. पोलिसांचा मार सोसता यावा म्हणून घरच्यांचा मार खाणारे मूल हे या पुस्तकातील सर्वांत अस्वस्थ करणारे चित्र आहे. त्याच घरातील एक मूल शाळेत जाते आणि पुढे लेखक व कार्यकर्ता होते. जन्माचा सिद्धांत खरा असता तर हे पुस्तकच लिहिले गेले नसते.

हा वारसा येथे आठवण्याचे कारण असे की, मेंदूविज्ञानाच्या नव्या परिभाषेतून हीच जुनी कल्पना परत येण्याचा धोका आहे. कवटीच्या जागी मेंदूची प्रतिमा आणि रक्ताच्या जागी जनुक आले, तरी 'हा असाच होणार होता' हे विधान तेच राहते.

३. मेंदूविज्ञान काय सांगते?

मेंदूचा कपाळामागचा पुढील भाग आवेगावर नियंत्रण, परिणामांचा विचार आणि नियोजन ही कामे करतो. हा भाग सर्वांत उशिरा, म्हणजे वयाच्या विशीच्या मध्यापर्यंत, परिपक्व होत राहतो. भीती, राग आणि उत्तेजना यांच्याशी निगडित असलेल्या खोलवरच्या केंद्रांची सक्रियता मात्र किशोरवयातच वाढते. त्यामुळे या वयात, विशेषतः समवयस्कांच्या संगतीत, धोका पत्करण्याकडे कल अधिक असतो. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये या संदर्भात एक उपयुक्त भेद मांडला. बहुसंख्य मुलांचे समाजविरोधी वर्तन किशोरवयापुरते मर्यादित असते. अल्पसंख्य मुलांत ते बालपणापासून सुरू होऊन पुढेही टिकते.

बालपणी सतत मार, उपेक्षा वा घरातील हिंसा अनुभवणाऱ्या मुलाची ताणाला प्रतिसाद देणारी यंत्रणा कायम सावध राहते. साध्या बोलण्यातही त्याला धोका दिसू लागतो. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथील मुलांच्या दीर्घकालीन पाहणीवर आधारित एक निबंध २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका विशिष्ट जनुकाची सक्रियता कमी असलेल्या आणि बालपणी छळ झालेल्या मुलग्यांत पुढे समाजविरोधी वर्तन अधिक आढळले. छळ न झालेल्या मुलग्यांत मात्र त्या जनुकाने तसा फरक पडला नाही. पुढील सर्व पाहण्यांत हा संबंध सारख्याच ठळकपणे आढळलेला नाही. तरीही जनुक एकटे काही ठरवीत नाही, ही त्यातील दिशा महत्त्वाची आहे.

येथे दोन मर्यादा ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली, हे सर्व निष्कर्ष समूहाविषयीचे आहेत. त्यांवरून जोखीम वाढते की नाही हे सांगता येते, अमुक एक मुलगा गुन्हा करील असे भाकीत करता येत नाही. दुसरी, मानसिक आजार असलेल्या बहुसंख्य व्यक्ती कधीही हिंसा करीत नाहीत. हिंसेला बळी पडण्याचा धोका त्यांना इतरांपेक्षा अधिक असतो. उपचाराविना राहिलेला तीव्र मनोविकार आणि व्यसन एकत्र आले असता धोका वाढतो, हे खरे आहे. परंतु त्यावरून सर्व रुग्णांविषयी निष्कर्ष काढता येत नाही.

४. 'गिधाडे' : सुस्थित घरातील गुन्हा

१९७० मध्ये डॉ. श्रीराम लागू यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आलेल्या 'गिधाडे'मध्ये पितळे कुटुंबाची कथा आहे. भावाला फसवून मालमत्ता मिळवणारे पप्पा, त्यांचे रमाकांत व उमाकांत हे पुत्र, मुलगी माणिक, रमाकांतची पत्नी रमा आणि पप्पांचा अनौरस मुलगा रजनीनाथ ही त्यातील पात्रे होत. पैशासाठी मुले बापाला दारू पाजून मारहाण करतात. भाऊ बहिणीचा पाय मोडतात. तिचा गर्भ लाथेने पाडतात. हे सारे दखलपात्र गुन्हे आहेत. तरीही या नाटकात पोलीस येत नाहीत.

पितळ्यांच्या घरात दारिद्र्य नाही, निरक्षरता नाही आणि कोणाला मनोविकार असल्याचा उल्लेखही नाही. दारू आहे, लोभ आहे आणि नात्याकडे केवळ लाभाचे साधन म्हणून पाहण्याची पप्पांनी स्वतःच्या वागण्यातून घालून दिलेली शिकवण आहे. बापाने भावाशी जे केले तेच मुले बापाशी करतात. हिंसेचा वारसा येथे शिक्षणासारखा दिला-घेतला जातो.

रजनीनाथचे पात्र या दृष्टीने विशेष लक्षणीय ठरते. तोही त्याच पप्पांचा मुलगा आहे. त्याच्या वाट्याला तर औरसपणाची प्रतिष्ठाही आलेली नाही. रक्त हेच कारण असते तर त्याचे वर्तन भावांसारखे व्हायला हवे होते. तो मात्र गॅरेजमध्ये राहणारा कवी आणि या घराचा साक्षीदार होतो. रमेशी त्याचे हळवे नाते जुळते. घराबाहेर ढकलले जाणे हेच त्याचे काही अंशी रक्षण ठरले, असा अर्थ नाटकातून निघतो. बापाच्या जनुकांपेक्षा बापाच्या सहवासाला तेंडुलकर अधिक महत्त्व देतात, असे यावरून म्हणता येईल.

माणिकच्या साडीवरील रक्ताच्या डागाला परिनिरीक्षण मंडळाने आक्षेप घेतला होता. तेव्हा निर्मात्यांनी डाग निळा केला आणि तो तांबडा समजावा अशी सूचना प्रेक्षकांना दिली. ही घटना सामान्यतः रंगभूमीवरील निर्बंधांचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. प्रस्तुत विषयाच्या संदर्भात तिचा आणखी एक अर्थ लागतो. झोपडपट्टीतील रक्त पाहण्याची सवय असलेल्या समाजाला बंगल्यातील रक्त मात्र दुसऱ्या रंगात हवे होते.

५. 'कन्यादान' : स्पष्टीकरण आणि समर्थन

'कन्यादान' (१९८३) मध्ये समाजवादी नेते नाथ देवळालीकर यांची मुलगी ज्योती दलित कवी अरुण आठवले याच्याशी विवाह करते. अरुण तिला मारतो, ती गर्भवती असतानाही मारतो. आपल्या वस्तीत बाप आईला मारतानाच आपण वाढलो, असे तो सांगतो. एका अर्थी हे मेंदूविज्ञानातील प्रतिपादनाचेच नाट्यरूप आहे. ज्या मुलाने जवळिकीची भाषा मारझोडीतूनच ऐकली, त्याला प्रौढपणी दुसरी भाषा सापडत नाही. कालचा पीडित आज पीडक होतो, हा विचार ज्योतीचा भाऊ जयप्रकाश याच्या तोंडी येतो.

या नाटकावर दलितविरोधी असल्याची टीका झाली आणि लेखकाला प्रत्यक्ष रोषालाही सामोरे जावे लागले. १९९३ चा सरस्वती सन्मानही याच नाटकाला मिळाला. या वादात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट बरीचशी दुर्लक्षित राहिली. बाप आईला मारताना पाहणे हा बालपणाचा अनुभव आहे. तो एका जातीचा गुणधर्म नव्हे. नाटकात मात्र हा अनुभव ज्याच्या वाट्याला येतो, तो एकमेव महत्त्वाचा दलित पुरुष आहे. त्याच्यासमोर उभे केलेले देवळालीकरांचे घर सुसंस्कृत, वादविवादाने चालणारे आणि मारझोडीपासून पूर्णतः मुक्त असे आहे. या रचनेमुळे बालपणातील आघात आणि जात ही दोन वेगळी कारणे प्रेक्षकाच्या मनात एक होतात. 'कन्यादान'ची खरी मर्यादा अरुणला क्रूर दाखवण्यात नाही. त्याच्या क्रौर्याला तुलनेसाठी दुसरे उदाहरण न ठेवण्यात ती आहे.

हे दुसरे उदाहरण तेंडुलकरांनी आधीच लिहून ठेवले होते. 'गिधाडे'तील रमाकांत हा अरुणचा उच्चभ्रू भाऊबंद आहे. बापाच्या माराला कंटाळून घर सोडलेला 'सखाराम बाइंडर'मधील (१९७२) सखाराम हाही त्याच मालिकेतील आहे. तिन्ही नाटके एकत्र वाचली असता हिंसा जात ओलांडून जाते. 'कन्यादान' एकटे वाचले असता ती जातीत अडकते.

अखेरच्या प्रवेशात ज्योती वडिलांना जाब विचारते. माणूस मुळात वाईट नसतो, त्याच्यातील वाईट तेवढे दूर करता येते, हा वडिलांचा विश्वास तिला आता पोकळ वाटतो. अरुणमधील पशू आणि प्रेमिक वेगळे काढता येत नाहीत, असे तिच्या बोलण्याचे तात्पर्य आहे. मेंदूच्या अंगाने पाहिले तर तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. अनुभव मेंदूत कोरला जातो, तो अंगरख्यासारखा उतरवून ठेवता येत नाही. परंतु त्यावरून ती जो निर्णय घेते, म्हणजे सोसत राहण्याचा, तो या तथ्यातून निष्पन्न होत नाही. मेंदूची बदलण्याची क्षमता प्रौढ वयातही पूर्णपणे संपत नाही. हिंसेचे कारण कळणे आणि हिंसा सहन करणे या भिन्न गोष्टी आहेत. स्पष्टीकरणाला समर्थन समजण्याची ज्योतीची चूक नाटकातील कोणतेही पात्र दुरुस्त करीत नाही. आणखी एक परिणाम येथे नोंदवावा लागेल. तिच्या पोटातील मूलही आता बाप आईला मारतो त्याच घरात वाढणार आहे.

६. 'अर्धसत्य' : गणवेशातील हिंसा

श्री. दा. पानवलकर यांच्या 'सूर्य' या कथेवरून तेंडुलकरांनी लिहिलेल्या आणि गोविंद निहलानी यांनी दिग्दर्शित केलेल्या 'अर्धसत्य' (१९८३) या चित्रपटाचा नायक अनंत वेलणकर पोलीस अधिकारी आहे. त्याच्याही बालपणी बाप आईला मारीत असे आणि तो असहायपणे पाहत राही. अरुण आणि वेलणकर यांची बालपणे जवळजवळ एकच आहेत. फरक एवढाच की, एकाच्या हाती कविता आली आणि दुसऱ्याच्या हाती दंडुका.

वरिष्ठांसमोर आणि गुंड राजकारण्यासमोर पत्करावी लागणारी हतबलता वेलणकर कोठडीतील एका किरकोळ चोरावर काढतो. त्या माणसाचा मारहाणीत मृत्यू होतो. अखेरीस तो रामा शेट्टीची हत्या करून स्वतः पोलिसांच्या स्वाधीन होतो. बालपणीची असहायता आणि प्रौढपणीची असहायता यांचा सांधा पटकथेत स्पष्टपणे जोडलेला आहे. जुनी जखम एकटी पुरेशी नसते. तिला पुन्हा पुन्हा डिवचणारी व्यवस्था लागते, ही जाण 'कन्यादान'पेक्षा येथे अधिक परिपक्व आहे. तसेच, वेलणकरच्या हिंसेचे स्पष्टीकरण प्रेक्षक सहानुभूतीने स्वीकारतो, अरुणच्या हिंसेचे मात्र संशयाने. हा फरक दोन्ही पात्रांपेक्षा पाहणाऱ्यांविषयी अधिक सांगतो.

७. कायद्याची कसोटी

तेंडुलकरांच्या या पात्रांपैकी कोणीही वैद्यकीय अर्थाने मनोरुग्ण नाही. खऱ्या मनोविकाराची गाठ कायद्याशी पडते तेव्हा काय होते, याचे महाराष्ट्रातील सर्वज्ञात उदाहरण रामन राघव याचे आहे. १९६८ मध्ये मुंबईच्या उपनगरांत उघड्यावर व झोपड्यांत झोपलेल्या माणसांची हत्या करणाऱ्या या इसमाला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अटक झाली. सत्र न्यायालयाने त्याला फाशीची शिक्षा सुनावली. नंतर मानसोपचारतज्ज्ञांच्या मंडळाने त्याला बरा न होणारा मनोविकार असल्याचा निष्कर्ष काढला आणि शिक्षा जन्मठेपेत बदलली गेली. १९९५ मध्ये पुण्यात त्याचा मृत्यू झाला. लोकांच्या स्मरणात तो 'वेडा खुनी' म्हणून राहिला आणि स्किझोफ्रेनियाच्या असंख्य निरुपद्रवी रुग्णांवर त्याची सावली पडली.

भारतीय दंड संहितेचे कलम ८४ आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २२ यांचा आशय एकच आहे. कृत्याचे स्वरूप किंवा त्याचा चुकीचेपणा मनोविकलतेमुळे कळत नसेल तर ते कृत्य गुन्हा ठरत नाही. केवळ आजाराचे निदान यासाठी पुरेसे नसते. श्रीकांत आनंदराव भोसले विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२००२) या खटल्यात पत्नीच्या हत्येचा आरोप असलेल्या पोलीस शिपायाला सर्वोच्च न्यायालयाने पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाच्या आधारे या तरतुदीचा लाभ दिला. २०१९ मध्ये महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात, आरोपीचे नाव गुप्त ठेवून, शिक्षेनंतर उद्भवलेल्या तीव्र मानसिक आजारामुळे फाशी रद्द करण्यात आली.

वयाच्या प्रश्नावर कायदा अधिक संदिग्ध आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार १६ ते १८ वयोगटातील मुलावर अत्यंत गंभीर गुन्ह्याचा आरोप असल्यास त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि घटनेची परिस्थिती यांची प्राथमिक तपासणी होते. ती बाल न्याय मंडळ करते. त्यानंतर मुलाला प्रौढ म्हणून खटल्यास सामोरे जावे लागू शकते. ही तपासणी नाजूक असून तिला बालमानसशास्त्रातील तज्ज्ञता आवश्यक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. परिणाम *माहीत असणे* आणि ऐन क्षणी त्या माहितीनुसार हात *आवरता येणे* यांत किशोरवयात मोठे अंतर असते. कायद्याच्या शब्दांत या अंतराला पुरेशी जागा नाही.

८. ठाणे-कल्याण परिसर

ठाणे, भिवंडी, उल्हासनगर, कल्याण आणि डोंबिवली या सलग नागरी पट्ट्यात हे सर्व प्रश्न एकत्र येतात. ठाण्याचे मनोरुग्णालय व कारागृह, कल्याणचे आधारवाडी कारागृह आणि भिवंडीचे बालगृह यांमधील अंतर अल्प आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या कलम १०३ ने मानसिक आजार असलेल्या कैद्यांच्या उपचाराची जबाबदारी शासनावर टाकल्यामुळे या संस्थांचा परस्परसंबंध कागदोपत्री तरी मान्य झाला आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या 'आय.पी.एच.' या संस्थेने मानसिक आरोग्याचा विचार रुग्णालयाबाहेर, शाळा-महाविद्यालयांपर्यंत नेला. 'ठाण्याला पाठवणे' या वाक्प्रयोगाला त्याच शहरातून मिळालेले हे उत्तर आहे.

ठाणे कारागृहाच्या इतिहासातील एक घटना मेंदूविज्ञानाची मर्यादा दाखवते. नाशिकचा जिल्हाधिकारी जॅक्सन याच्या वधाबद्दल अनंत कान्हेरे यांना कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांच्यासह १९ एप्रिल १९१० रोजी येथे फाशी देण्यात आली. कान्हेरे तेव्हा अवघे अठरा वर्षांचे होते. परकीय सत्तेने त्यांना गुन्हेगार ठरवले, समाजाने हुतात्मा मानले. अठराव्या वर्षाच्या मेंदूविषयी विज्ञान जे सांगते ते त्यांनाही लागू असणार, पण त्यावरून त्यांच्या कृत्याचा अर्थ लागत नाही. गुन्हा म्हणजे काय हे मेंदूत लिहिलेले नसते. ते समाज आणि सत्ता ठरवतात. वेलणकरच्या कोठडीतील मृत्यू आणि पितळ्यांच्या घरातील अत्याचार यांविषयीही हेच म्हणता येते.

९. निष्कर्ष

१. तेंडुलकरांच्या कलाकृतींत हिंसा जन्मजात नसून शिकलेली आहे. रजनीनाथचे पात्र हे त्याचे सर्वांत भक्कम प्रमाण होय.

२. 'कन्यादान'मध्ये बालपणीचा आघात व जात यांची गल्लत होते. 'गिधाडे', 'सखाराम बाइंडर' व 'अर्धसत्य' यांच्यासोबत वाचल्यास ती दूर होते. अभ्यासक्रमात 'कन्यादान' शिकवताना ही तुलना आवश्यक ठरते.

३. मनोविकार आणि गुन्हेगारी यांना समानार्थी मानणारी लोकभाषा रुग्णांवर अन्याय करते. त्याच वेळी 'शहाण्या' माणसांच्या घरगुती हिंसेला ती आश्रय देते.

४. मेंदूविज्ञान हिंसेची जोखीम दाखवते. दोष ठरवणे आणि क्षमा करणे ही कामे त्याची नव्हेत. त्याचा खरा उपयोग शिक्षा ठरवताना जेवढा आहे, त्याहून अधिक शिक्षेची वेळ येण्यापूर्वी आहे. बाप आईला मारतो ते मूल दाराआडून पाहत असते. अरुण आणि वेलणकर दोघेही त्या दाराआड उभे होते आणि त्या वेळी त्यांची दखल घेणारे कोणीही नव्हते. आज त्या वयाची जी मुले शाळेच्या वर्गात बसलेली आहेत, त्यांच्यापर्यंत शिक्षक, समुपदेशक आणि शेजारी वेळेत पोहोचतात की नाही, यावर पुढील उत्तर अवलंबून राहील.